दोन राजधान्यांमधील आगगाडी

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत ते निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. या गावच्या मनुष्यास लांबचा प्रवास करावयाचा झाल्यास त्याने बैलगाडीने जालना गाठावे आणि तेथे आगगाडीत बसावे, हाच राजमार्ग. जालन्याच्या स्टेशनाची एक गंमत नकाशा उघडून पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. तेथून पूर्वेस निजामाची राजधानी हैदराबाद सुमारे पावणेतीनशे मैल, आणि पश्चिमेस मुंबई इलाख्याची राजधानी मुंबई, तीही तितकीच दूर. शेजारच्या दोन राज्यांच्या दोन राजधान्या, आणि हे स्टेशन त्यांच्या जवळजवळ मध्यावर. परंतु अंतर सारखे असले तरी प्रवास सारखा नव्हता. हैदराबादेस जाणारास तिकिट पुरे होई; मुंबईस जाणारास बेत आखावा लागे.

मुळात ही आगगाडी मराठवाड्याच्या वाट्यास फार उशिरा आली. निजाम सरकारचा स्वतःचा पहिला मोठा मार्ग वाडीहून हैदराबाद-सिकंदराबादेकडे 1874 मध्ये सुरू झाला. तो सर सालारजंगांच्या कारभारातील. त्याने राजधानी आणि सिकंदराबादची इंग्रजी छावणी यांची सोय झाली. मराठी जिल्हे होते तेथेच राहिले. पुढे 1883 मध्ये चांद्याकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली. इंग्रज भांडवलदारांनी रेल्वे बांधावी आणि त्यांच्या व्याजाची हमी निजाम सरकारने घ्यावी, हा तो व्यवहार. यात राज्याचा तोटा किती, हे लोकांस कळले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे प्रमुख होते. त्याबद्दल त्यांस हैदराबादेतून बाहेर काढण्यात आले. रेल्वे कोणासाठी, हा प्रश्न त्या राज्यात जाहीरपणे विचारला जाण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग, आणि त्याचे उत्तर हद्दपारीने दिले गेले!

गोदावरीच्या खोऱ्यातील मार्ग 1900 च्या सुमारास, म्हणजे छपन्नच्या दुष्काळाच्या तोंडावर खुला झाला. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी, नांदेड, निजामाबाद यांवरून हैदराबादेपर्यंत तो सुमारे 390 मैलांचा होता. परंतु तो बांधला मीटरगेज. मनमाडास मुंबईहून येणारे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ रुंद, निजामाच्या मुलखातून येणारे रूळ अरुंद. त्यामुळे जालन्याहून निघालेल्या उतारूस मनमाडास बोचकी-वळकटीसह उतरणे आणि पुढच्या गाडीची वाट पाहणे चुकत नसे. सरहद्द मात्र मनमाडास नव्हती. नगरसूल हे नाशिक जिल्ह्यातील स्टेशन आणि रोटेगाव हे वैजापुराजवळचे, यांच्या दरम्यान कोठेतरी शेतांतून ती जात असे. गाडीत डुलकी लागलेल्या मनुष्यास राज्य पालटल्याचे कळतही नसे.

कळे ते खिशास. निजामाचे नाणे निराळे. त्यास हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयास कलदार. सात हाली रुपये बरोबर सहा कलदार, असा सरकारी भाव होता. तेव्हा मुंबईच्या खर्चाचा अंदाज करणाऱ्या गृहस्थास आधी सराफाकडे जाऊन कलदार करून घ्यावे लागत, आणि परतताना उरलेल्यांचे पुन्हा हाली. त्यावर सराफाचा बट्टा जाई तो निराळाच. दुसरी गोष्ट करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची. 1802 च्या व्यापारी तहाने तिला शेकडा पाचाची मर्यादा घातली होती. ती मर्यादा व्यापाऱ्यास जड नसेल, पण मुलीच्या लग्नासाठी मुंबईहून कापडचोपड आणणाऱ्या बापास गाठोडे सोडून दाखवणे काय वाटत असेल, याचा हिशेब तहात नाही. तिसरी अडचण कालगणनेची. संस्थानच्या कचेऱ्यांत फसली सन आणि आजूर, दे, बहमन हे इराणी महिने चालत. हैदराबादच्या कचेरीतील तारीख आणि मुंबईच्या कामाचा दिवस एका कागदावर मांडू पाहणारास दोन पंचांगे जुळवावी लागत.

याहून विलक्षण प्रकार न्यायाधिकाराचा. निजामाच्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या पट्ट्यावरील अधिकार बराच काळ इंग्रजांच्या रेसिडेंटाकडे होता. म्हणजे हसनाबादचा मनुष्य जालन्याच्या फलाटावर पाऊल टाकताच एका अर्थी परमुलखात शिरे, आणि फलाटाबाहेर येताच स्वदेशी परते. खरी सरहद्द नगरसुलापाशी की जालन्याच्या तिकिटघरापाशी, हे सांगणे कठीणच होते.

1930 च्या एप्रिलात निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. रूळ अरुंदच राहिले. याच मार्गावरील परतुरास 1937 मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी वंदे मातरमच्या चळवळीत उस्मानिया विद्यापीठातून काढले गेलेले विद्यार्थी आपले शिक्षण पुरे करण्यास राज्याबाहेर नागपुरास गेले.

15 ऑगस्ट 1947 रोजी नकाशावरील ती बारीक रेघ एकाएकी जाड झाली. निजामाने हिंदुस्थानात सामील होण्याचे नाकारले. 29 नोव्हेंबरचा जैसे थे करार एका वर्षापुरता होता. त्यावरील शाई वाळते न वाळते तोच हिंदी नाणे संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही, असा वटहुकूम निघाला. सराफाकडची जुनी सोय आता राजकीय भांडणाचा विषय झाली. मनमाड, जे आजवर गाडी बदलण्याचे ठिकाण, तेथे मराठवाड्यातून बाहेर पडलेल्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे केंद्र उभे राहिले. 22 मे 1948 रोजी गुलबर्गा जिल्ह्यात गाणगापूर स्टेशनावर मद्रासहून मुंबईस जाणाऱ्या मेलमधील उतारूंवर रझाकारांनी हल्ला केला. त्या उतारूंस हैदराबादशी काही कर्तव्य नव्हते. त्यांची गाडी त्या मुलखातून जात होती, एवढाच त्यांचा अपराध. ऑगस्टात निजाम सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेली. जालना ते मुंबई हा प्रवास दोन राष्ट्रांमधील प्रवास होय, हा त्या तक्रारीचा सरळ अर्थ होता. 13 सप्टेंबरास हिंदी सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले, औरंगाबाद आणि जालना त्याच्या हाती आले, आणि 17 सप्टेंबरास निजामाने शरणागती जाहीर केली.

सरहद्द गेली, तिच्या खुणा मात्र सावकाश गेल्या. हाली सिक्का 1959 पर्यंत व्यवहारात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हसनाबादची राजधानी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. तरीही आपल्या नव्या राजधानीस निघालेल्या मनुष्यास मनमाडास गाठोडी उतरवून दुसरी गाडी धरावीच लागे. जालन्याकडील मीटरगेज रूळ उखडून तेथे रुंद रूळ पडण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडले.