खुळे रोप आणि उपाशी बुरशी

वनस्पतींच्या संप्रेरकांचा धडा शिकवताना जिबरेलिनबद्दल आपण बहुधा एकच वाक्य सांगतो : १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला भाताच्या रोगट रोपांवर काम करताना याचा सुगावा लागला. वाक्य खरे आहे, पण आमच्या मते गोष्टीचा उत्तम भाग त्यात गाळला जातो. जनुक म्हणजे काय हे विद्यार्थी पाठ करतात. जनुक असूनही ते गप्प का बसते, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच येतो. त्या प्रश्नासाठी इतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

या रोगाला जपानीत 'बाकानाए' म्हणतात. अर्थ, खुळे रोप. खाचरातली काही रोपे एकाएकी बाकीच्यांच्या वर डोके काढतात. ती फिकट आणि किडकिडीत असतात. नवख्याला वाटावे, काय जोमाने वाढताहेत! प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी लोंबी धरण्यापूर्वीच मरतात, आणि जगली तरी दाणे पोचट राहतात. १८९८ मध्ये शोतारो होरी यांनी हा बुरशीचा रोग असल्याचे दाखवले. आज त्या बुरशीला 'फ्युजेरियम फुजिकुरोई' म्हणतात. 'जिबरेला' हे तिच्या लैंगिक अवस्थेचे जुने नाव. संप्रेरकाचे नाव त्यावरूनच पडले.

एइइची कुरोसावा तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये काम करीत. बुरशी रोपात शिरून त्याला वाढवते की तिच्यातून झिरपणारा एखादा पदार्थ, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बुरशी पोषक द्रवात वाढवली, मग ती गाळून काढली आणि नुसता गाळलेला द्रव निरोगी रोपांना दिला. रोपे उंच झाली! रोगाला कारण असलेला जीव हजर नसताना रोगाचे लक्षण उमटले. प्रयोगाची रचना इतकी साधी आहे, की आठवीच्या विद्यार्थ्यालाही त्यातला तर्क पटावा.

पुढचे काम टोकियोत तेइजिरो याबुता यांनी हाती घेतले आणि त्यांना भलतेच काही मिळाले. १९३४ मध्ये त्यांनी त्या द्रवातून शुद्ध पदार्थ वेगळा केला, तर तो रोपे वाढवण्याऐवजी खुंटवत होता! ते होते फ्युजेरिक आम्ल. मग पोषक द्रवातल्या घटकांचे प्रमाण बदलून पाहिल्यावर खुंटवणारा पदार्थ मागे पडला आणि वाढवणारा हाती आला. १९३५ मध्ये याबुतांनी त्याला 'जिबरेलिन' हे नाव दिले; १९३८ मध्ये त्यांनी व सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवल्याचे जाहीर केले.

येथे थोडे थांबू. बुरशी तीच, तिची जनुकेही तीच. फक्त खाणे बदलले आणि तिने दुसरेच रसायन तयार केले. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही कटकट होती. आज मागे वळून पाहता तीच या कथेतली सर्वांत बोलकी नोंद वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड व अमेरिकेतल्या प्रयोगशाळा या कामात उतरल्या. १९५८ मध्ये मॅकमिलन व सूटर यांनी घेवड्याच्या कोवळ्या बियांतून जिबरेलिन वेगळे केले. म्हणजे हा पदार्थ मुळात वनस्पतींचाच. बुरशीही तो बनवते. बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून जिबरेलिन मिळवू लागल्यावर एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली. द्रवात अमोनियाच्या रूपाने नत्र भरपूर असेतो जिबरेलिन जवळजवळ बनतच नाही. नत्र संपले, बुरशीची वाढ मंदावली, की ते बनू लागते.

असे का, याचे उत्तर मिळायला १९९० चे दशक संपत यावे लागले. जर्मनीतील म्युन्स्टर येथे बेटिना टुड्झिन्स्की व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की जिबरेलिन बनवणारी बुरशीची जनुके एका गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. एकूण सात. वनस्पतींत हीच कामे करणारी जनुके विखुरलेली असतात. बुरशी आणि वनस्पती या पदार्थापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचल्या, असे त्यावरून मानले जाते.

या जनुकांच्या आरंभापाशी डीएनएमध्ये जी-ए-टी-ए अशी अक्षरे येतात. 'एरिया' नावाचे एक प्रथिन तेथे जाऊन बसते आणि जनुके बोलू लागतात. पेशीत नत्र मुबलक असताना हे प्रथिन निष्क्रिय राहते. टंचाई झाली की कामाला लागते. १९९९ मध्ये याच गटाने बुरशीतून एरियाचे जनुक काढून टाकले. तेव्हा जिबरेलिन बनवणारी जनुके शाबूत असूनही उत्पादन जवळपास थांबले. सातांपैकी एक जनुक मात्र नत्राला दाद देत नाही. शिवाय एरिया हा एकटा कारभारी नाही, हेही नंतर कळले. २०१० मध्ये डीएनएच्या गुंडाळणीशी संबंधित आणखी प्रथिने सापडली. ती काढली तरी जिबरेलिन घटते. फ्युजेरिक आम्लाचे गणित उलटे आहे, त्याला नत्राची रेलचेल मानवते. याबुतांच्या चंचुपात्रातला घोळ असा ऐंशी वर्षांनी उलगडला.

याच रेणूच्या दोन गोष्टी वर्गात जरूर सांगाव्यात. मेंडेलच्या वाटाण्यातील उंच-बुटके हा फरक जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरील जनुकाचा आहे, हे १९९७ मध्ये कळले. आणि १९६६ साली आलेल्या 'आयआर-८' या बुटक्या भाताचा, हरितक्रांतीतल्या त्या गाजलेल्या वाणाचा, बुटकेपणाही असाच. त्याच्या जिबरेलिन बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. खत दिले तरी तो लोळत नाही तो त्यामुळेच. मात्र बाहेरून जिबरेलिन मिळाले, तर हे बुटके रोपही उंच होते.

नाशिक-सांगलीचे द्राक्षबागाईतदार मणी फुगावेत म्हणून घड ज्या 'जीए'च्या द्रावणात बुडवतात, ते हेच. कारखान्यात ते अजूनही याच बुरशीकडून करवून घेतात, नत्र मोजूनमापून देऊन.

मग बुरशीला स्वतःला या उद्योगातून काय मिळते? जीनोम वाचून झाल्यावर २०१३ मध्ये ही जनुके नसलेली बुरशी भातावर सोडून पाहिली गेली. तिला रोपाच्या मुळात शिरणे जड गेले. मक्याच्या मुळांवर मात्र असा फरक दिसला नाही.