औषध, जंतू आणि उत्क्रांती

१९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या क्षयाने खंगलेल्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना हे नवे औषध मिळाले. उरलेल्या ५२ जणांच्या वाट्याला, तोवरच्या रिवाजाप्रमाणे, केवळ विश्रांती आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील चौघे दगावले, दुसऱ्यातील चौदा. राजयक्ष्म्यावर रामबाण सापडला असेच कोणासही वाटावे. परंतु पाच वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा औषध घेतलेल्यांपैकी ३२ आणि न घेतलेल्यांपैकी ३५ जण मृत्यू पावले होते. अनेकांच्या शरीरातील जंतू औषधाला जुमानीनासे झाले होते.

असे का व्हावे? याचे उत्तर लुरिया आणि डेलब्रुक यांच्या १९४३ च्या प्रयोगात मिळते. प्रतिकारक्षम जंतू संकट आल्यावर शिकून तयार होत नाहीत. ते आधीच, योगायोगाने, जन्मलेले असतात. क्षयाच्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू नांदतात. त्यांत दर दहा लाखांमागे एखादाच असा निघाला, तरी शंभर होतात. औषध इतरांचा संहार करते आणि या शंभरांना रान मोकळे करून देते. डार्विनने सांगितलेली निवड येथे काही महिन्यांतच घडून येते.

निदान झाले तसा उपायही सुचला. दोन भिन्न औषधे एकत्र दिली, तर दोहोंना दाद न देणारा जंतू लाख कोटींत एखादा. इतके जंतू पोकळीत नसतातच. स्ट्रेप्टोमायसिनला पॅसची जोड मिळाली आणि १९५२ साली आयसोनियाझिड आले. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले की, दाटीवाटीच्या घरात राहणारा गरीब रुग्णही संयुक्त औषधांनी आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो.

हाच विचार कर्करोगातही उपयोगी पडला. १९६० नंतर अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइख यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना चार औषधे एकत्र दिली. एकेकाळी काही महिन्यांत मृत्यू ओढवणाऱ्या या रोगातून आज प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

मात्र शरीरभर पसरलेल्या अर्बुदात पेशींची संख्या इतकी अफाट असते की, समूळ नाश बहुधा साधत नाही. तेथे गेटनबी यांनी २००९ साली निराळी नीती मांडली: गाठ आटोक्यात येताच औषध थांबवावे, म्हणजे औषधाला बळी पडणाऱ्या पेशी उरतात आणि प्रतिकारक्षम पेशींना वाढू देत नाहीत. हे प्रयोग अद्याप मर्यादित आहेत.

क्षयरोग्याने मात्र यावरून भलताच बोध घेऊ नये. तेथे समूळ नाश शक्य आहे, म्हणून अर्धवट उपचार घातक ठरतो. खोकला थांबताच गोळ्या टाकून देणारा रुग्ण नकळत चिवट जंतूंचीच जोपासना करतो. आणि ते जंतू पुढे त्याच्याच घरातल्यांच्या श्वासात शिरतात.