मांढरदेवचे रडार आणि वळवाच्या विजा
पाचगणीच्या टेबललँडवरून चैत्र-वैशाखात दिसणारे वळवाचे ढग पिढ्यानपिढ्या केवळ नजरेने जोखले जात. त्यांचे अंतरंग मोजण्याची सोय या डोंगररांगांत अलीकडेच झाली. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या आणि १९७१ पासून स्वायत्त असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली, तर वाईच्या खोऱ्यापलीकडे मांढरदेवच्या डोंगरावर सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडणारे रडार बसवले. ढगातील जलबिंदू व हिमकणांवरून परतणाऱ्या या लहरींच्या तीव्रतेवरून परावर्तनक्षमता काढतात. उणे १० अंश सेल्सिअसच्या थरात ती ४० डेसिबल-झेडपर्यंत चढली, की वीज संभवते असा जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा आहे, कारण शून्याखालीही न गोठलेल्या पाण्याच्या सान्निध्यात मऊ गारा आणि हिमस्फटिक एकमेकांवर आदळून विद्युतभार विलग होतो. २०१४ मध्ये महाराष्ट्रात विजांची स्थाने टिपणारे २० संवेदकांचे जाळे उभे राहिल्यावर रडारचे चित्र आणि प्रत्यक्ष पडलेली वीज ताडून पाहता येऊ लागली. माळावरच्या गुराख्याला आणि शेतात राबणाऱ्यांना आडोसा गाठण्यापुरता अवधी वेळेवर मिळवून देणे, हेच या अभ्यासाचे खरे मोल आहे.