चिल्लर (राजुरा–जिवती परिसर)

किरकोळ देवघेवीतली नाणी आणि दहा रुपयांपर्यंतच्या नोटा. लहान नोटा काढून टाकून त्यांच्या जागी नाणी आणावीत, की हलकी नाणीच मोडीत काढावीत, हा वाद देशभर अधूनमधून निघतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगड डोंगररांगेत वसलेल्या जिवती तालुक्याला (पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग) अशी अदलाबदल नवी नाही. एका पिढीच्या हयातीत इथली चिल्लर दोनदा मुळापासून बदलली. नाणेशास्त्राच्या दृष्टीने या परिसराचे महत्त्व मुख्यतः त्याच काळापुरते आहे.

हाली आणि कलदार : राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीपलीकडचे चांदा (आताचे चंद्रपूर) आणि बल्लारशा मध्य प्रांतात, म्हणजे इंग्रजी अमलात. त्यामुळे नदी ही चलनाचीही हद्द होती. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. दोन्ही रुपये १६ आण्यांचे आणि आणा १२ पैंचा. पण कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, हालीचे सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि हालीत चांदीही कमी. अधिकृत भाव १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात. हाच हिशेब चिल्लरीवर उतरवला तर एका कलदार आण्याला हालीच्या १४ पै पडतात. मोठ्या रकमेत हे गणित सरळ सुटते. मीठ-तंबाखूच्या खरेदीत एखाद-दोन पैंचा फरक कुठेतरी जिरवावाच लागे. या फरकाचा, म्हणजे बट्ट्याचा, भार बहुधा गिऱ्हाइकावरच येत असावा.

विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनारची आकृती आहे. कमानीत मीर महबूब अली खानाच्या काळी ‘मीम’ आणि मीर उस्मान अली खानाच्या काळी ‘ऐन’ हे अक्षर येते. नाणे कोणत्या कारकिर्दीतले हे ओळखण्याची ती सोपी खूण. स्वतःच्या कागदी नोटा काढणारे हैदराबाद हे त्या काळातले वेगळेच संस्थान. १९१८ च्या कायद्यानंतर आधी १० आणि १०० रुपयांच्या, १९१९ मध्ये १ आणि ५ रुपयांच्या, १९२६ मध्ये १,००० रुपयांची नोट निघाली. पुढे त्या नाशिकच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही असे. डोंगरातल्या गोंड-कोलाम पाड्यांत मात्र कागदापेक्षा धातूवर, आणि धातूपेक्षा धान्याच्या अदलाबदलीवर भरवसा जास्त होता, असे मानले जाते.

दशमान पद्धत : संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने चलनातून गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्यात आला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात. मधेच, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. हाली सुटून भारतीय आणा सवयीचा होतो न होतो तोच आणाही गेला. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० पैसे बिनचूक होतात. एका आण्याचे सव्वासहा होतात, तिथे पुन्हा पावाची घासाघीस. ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. ‘चाराणे-आठाणे’ ही बोली नाण्यांपेक्षा जास्त टिकली.

नोट की नाणे : एक रुपयाची नोट १९१७ ची. स्वातंत्र्यानंतर ती वित्त सचिवाच्या सहीने निघते. तिची छपाई १९९४ मध्ये थांबली, पाठोपाठ दोन आणि पाच रुपयांच्या नोटांची. पाचाची नोट नंतर आणि एकाची २०१५ मध्ये पुन्हा आली. नोट लवकर फाटते, नाणे वर्षानुवर्षे टिकते, हा नाण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा. विरुद्ध बाजूने खर्च दाखवला जातो : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहिती अधिकारातल्या उत्तरानुसार एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते, दहाचे मात्र साडेपाच रुपयांत होत होते. दहाची प्लॅस्टिक नोट पाच शहरांत आजमावण्याची घोषणा २०१४ मध्ये संसदेत झाली. त्या शहरांत महाराष्ट्रातले एकही नव्हते आणि नोटही बाजारात आली नाही.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. ५० पैसे आजही वैध आहेत. कायद्याने ते दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात चालतात, दुकानदार घेत नाहीत. दहाच्या नाण्याची गोष्ट अधिक विचित्र. रुपयाचे चिन्ह असलेले खरे की नसलेले, यावरून अफवा उठल्या आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणात अनेक ठिकाणी ते नाकारले जाऊ लागले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले. बाजाराने ते सगळीकडे मनावर घेतले असे नाही. कागदाला पर्याय म्हणून पाडलेले नाणेच परत केले जाते आणि गिऱ्हाईक मळकी नोट मागते, हे नाण्याच्या कैवाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

सीमावर्ती गावे : जिवतीतल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचा दावा आहे, संख्या कुठे १२, कुठे १४ दिली जाते. चलन अर्थातच एक.

मोबाइलवरून भरणा : २०१६ च्या नोटाबंदीनंतर वाढला. डोंगरी भागात रेंज सारखी नाही.

दागिने : गोंड आणि बंजारा स्त्रियांच्या माळांत जुनी नाणी ओवलेली आढळतात. भोक पाडलेल्या किंवा कडी डाखलेल्या नाण्याला संग्राहकांकडे भाव कमी येतो.