विज्ञान आश्रम, पाबळ

किशोरवयीन मुलामुलींना हातांनी करावयाच्या कामांतून शिक्षण देणारी आणि त्या कामांचा गावाला प्रत्यक्ष उपयोग करून देणारी महाराष्ट्रातील एक संस्था. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी, चाकणच्या पूर्वेस, १९८३ मध्ये ती सुरू झाली. संस्थापक श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) हे अन्नतंत्रज्ञ. मुंबई येथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनकेंद्रातील वरिष्ठ पद सोडून ते सपत्नीक पाबळला राहावयास गेले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे केंद्र म्हणून आश्रमाचा आरंभ झाला.

श्रमाची शिक्षणाशी सांगड घालण्याचा विचार महाराष्ट्रात नवा नव्हता. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय हा स्वदेशी चळवळीच्या काळातील एक प्रयत्न. तो १९१० मध्ये सरकारने बंद पाडला. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानले, तर कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुष्कळ शाळांत मात्र कार्यानुभव म्हणजे आठवड्याची एखादी तासिका, एवढाच अर्थ उरला.

पुणे जिल्ह्यात या उणिवेला विशेष महत्त्व होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी-चिंचवड व पुढे चाकण येथे कारखाने उभे राहिले. इंद्रायणीकाठचे चिखली हे शेतीचे गाव औद्योगिक वस्तीत ओढले गेले आणि १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यांत प्रशिक्षणाची सोय होती. परंतु ती शाळा संपल्यावर, बहुधा एकाच व्यवसायापुरती आणि कारखान्याच्या गरजेनुसार. केवळ पुस्तकी शिक्षण झालेल्या खेड्यातील मुलाला अकुशल कामापलीकडे सहज वाव मिळत नसे.

कलबागांनी प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडविला. मूल भाषा शिकते ती व्याकरण पाठ करून नव्हे, तर बोलत बोलत. तंत्रज्ञानही तसेच करता करता शिकावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम इयत्ता आठवी ते दहावीसाठी असून त्याला माध्यमिक शालान्त परीक्षेत पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता मिळाली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवड्यातील एक दिवस त्यासाठी राखलेला असतो. चारही विभाग सर्वांना सारखेच. मुली जोडकाम (वेल्डिंग) करतात, मुले स्वयंपाक व आरोग्यतपासणी शिकतात. शिकविणारे पदवीधर असलेच पाहिजेत असे नाही. गावातील हुशार कारागीरही निदेशक होऊ शकतो.

या पद्धतीचा गाभा लोकसेवेत आहे. विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू नमुना म्हणून कपाटात राहत नाही. शाळेची बाके, वीजजोडणी, मातीपरीक्षण, रक्तातील हीमोग्लोबिनची तपासणी, रोपवाटिका इ. कामे गावासाठी केली जातात व त्यांचे वाजवी मूल्य घेतले जाते. मुलांकडून पैशासाठी काम करवून घेणे कित्येकांना खटकेल. परंतु पैसे देणारा गिऱ्हाईक वाकडी खिडकी स्वीकारत नाही आणि ही कसोटी गुणपत्रिकेहून कडक असते. खर्चाचा हिशेब मांडणे हाही अभ्यासाचाच भाग होय.

शाळा सुटलेल्या व नापास झालेल्या युवकांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम चालतो. भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याची विद्युत्‌रोधमापन पद्धती, कमी खर्चाचे भूमितीय घुमट व लहान ट्रॅक्टर यांवर येथे काम झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात असे घुमट बांधले गेले. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला अंकीय निर्मिती प्रयोगशाळा (फॅब लॅब) उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अशा आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते.

कलबागांच्या निधनानंतरही कार्य चालू राहिले व अभ्यासक्रम इतर शाळांत गेला. तथापि त्याचा प्रसार मर्यादित राहिला. निदेशकाचे मानधन, कच्चा माल व कार्यशाळा यांचा खर्च नेहमीच्या शालेय अनुदानात बसत नाही. शिवाय दहावीच्या गुणांकडे डोळे लावून बसलेल्या पालकांना आठवड्याचा एक दिवस हाही मोठा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावीपासून व्यवसायपरिचय आणि दहा दप्तरविरहित दिवस सुचविले आहेत. पाबळच्या अभ्यासक्रमात मात्र तीन वर्षे, दर आठवड्यास एक दिवस जातो.