मुंबईचे चित्रण : बाहेरून आणि आतून

मुंबईच्या चित्रणाचा विचार करताना बोलणारा कोण, हा प्रश्न मूलभूत ठरतो. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात शहर हा निरीक्षणाचा विषय आहे. ‘श्री ४२०’ (१९५५) या हिंदी चित्रपटाचा नायक अलाहाबादेहून येतो. त्याला ही मोहनगरी बाहेरूनच दिसते. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहात मात्र कामगार स्वतः बोलतो, तर भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) नाक्यावरची बोली ग्रंथात येते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक व त्यावर आधारलेला ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट यांत त्या कुटुंबांची वाताहत त्यांच्याच भाषेत नोंदली गेली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. या बोलीला म्हणूनच आता ऐतिहासिक साधनाचे मोल आहे.