वाशिमचे शुभवर्तमान

‘शुभवर्तमान’मधील ‘वर्तमान’ म्हणजे बातमी. विल्यम कॅरी यांनी नागपूरकर पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने ती मराठीत आणली. बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. वऱ्हाडातील वाशिमला या छापील शब्दाला शुश्रूषेची जोड मिळाली. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये येथे रेनॉल्ड्स स्मृती रुग्णालय उभारले.

मिशनचा दवाखाना म्हणजे धर्मांतराचे आमिष, असे टीकाकार म्हणतात. निव्वळ समाजसेवा, असे समर्थक. दोन्ही मते अपुरी आहेत. लूकच्या नवव्या अध्यायात येशू शिष्यांना उपदेश करायला आणि रोग्यांना बरे करायला एकाच आज्ञेने पाठवतो. त्यामुळे केवळ बाप्तिस्म्यांच्या नोंदी मोजून वाशिममधील ख्रिस्ती प्रचाराचा इतिहास पुरा होत नाही. रुग्णालयाचे दप्तरही त्याचेच साधन मानावे लागेल.